दोन चुका एकमेकींना सांभाळत होत्या: वाचनालयाच्या वेबसाइटवर उमटलेल्या विचित्र अक्षरांचं प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं आहे. 'अ' वर्गाचं वाचनालय, अठरा हजारांच्या आसपास पुस्तकं, आणि एप्रिल संपत आला की व्याख्यानमालेची गडबड. गावाचं आणि माणसांची नावं गाळली आहेत.

वेबसाइट २०११ सालची. वाचनालयाच्याच एका सभासदानं, तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना, हौसेनं पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहून दिलेली. दिसायला साधी, पण कामाची: पुस्तकांचा शोध, सभासदांची यादी, सूचनाफलक. मागे मायएसक्यूएलचा डेटाबेस आणि त्यात या तिन्हींचे तीन तक्ते. लिहिणारा पुढे परदेशी गेला, वेबसाइट मात्र तेरा वर्षं बिनबोभाट चालली. जे बिनबोभाट चालतं त्याच्या आत कोणी डोकावत नाही, तसं इथेही झालं.

एप्रिल २०२४ मध्ये होस्टिंग कंपनीनं, म्हणजे जिच्या सर्व्हरवर वेबसाइट ठेवली होती तिनं, कळवलं, की जुना सर्व्हर बंद होतोय. कारण रास्त होतं. मायएसक्यूएल ५.७ ची अधिकृत देखभाल ऑक्टोबर २०२३ मध्येच थांबली होती, आणि हा सर्व्हर तर त्याहूनही जुन्या आवृत्तीवर होता. नव्या सर्व्हरवर आवृत्ती ८. शुक्रवारी, २६ एप्रिलला रात्री सगळं तिकडे हललं. 'तुम्हाला काहीही करावं लागणार नाही' असं ईमेलमध्ये होतं, आणि खरोखरच प्रोग्रॅमची एक ओळही कोणी बदलली नाही.

काय दिसलं

मला फोन आला तो सोमवारी सकाळी. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "सर, वेबसाइट हॅक झालीय का हो? सगळीकडे युरो नि येन दिसतायत."

त्यांचं निरीक्षण अगदी अचूक होतं, फक्त निष्कर्ष चुकला होता. पान उघडलं तर चित्रं, रंग, तक्त्याच्या रेघा, पुस्तकांचे दाखल क्रमांक सगळं जागच्या जागी. बिघडली होती ती फक्त मराठी. आणि तीही कशीही नाही, एका ठेक्यात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याला लागून चलनाचं चार पाय फुटलेलं छोटं वर्तुळ, मग तिसरं काहीतरी. पुन्हा तोच ए, पुन्हा तेच वर्तुळ किंवा त्याऐवजी येन, पुन्हा तिसरं काहीतरी. मैलभर हीच माळ.

विचित्र अक्षरं दिसली की लोक सरसकट 'फॉन्ट गेला' म्हणतात. पण विचित्रपणाच्याही जाती असतात, आणि उपचार जातीवर ठरतो. रिकाम्या चौकटी दिसत असतील तर फॉन्टच नाही, मजकूर बहुधा ठणठणीत आहे. काळ्या चौकोनी हिऱ्यात प्रश्नचिन्ह दिसत असेल तर एखादं अक्षर मधोमध तुटलं आहे. काना-वेलांटीच्या शेजारी ठिपक्यांचं वर्तुळ आलं तर मात्रा आहे, पण तिचं व्यंजन हरवलं आहे. साध्या रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा काला दिसत असेल तर मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. ओळीनं साधी प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र पोटात गोळा येऊ द्यावा: मजकूर बहुधा लिहिला जातानाच गेला, मागे काही उरलं नसावं. आणि हा ए-वर्तुळाचा ठेका म्हणजे मजकूर शाबूत आहे, वाचणारा चुकीच्या चष्म्यातून वाचतो आहे. जपान्यांना हा त्रास आपल्याआधी झाला, त्यामुळे याला जगभर त्यांचाच शब्द आहे, मोजिबाके.

ठेका कुठून येतो

युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारी यादी. तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा एक पट्टा दिलेला आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत त्यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत, म्हणजे साठवणुकीच्या तीन घरांत, साठवलं जातं. पहिला बाइट कायम ई० (बाइटाची किंमत अशी दोन खुणांत लिहितात, ० ते ९ आणि ए ते एफ वापरून). दुसरा ए४ किंवा ए५: पट्ट्याचा पूर्वार्ध, म्हणजे स्वर, व्यंजनं, काना आणि ऱ्हस्व वेलांटी ए४ मध्ये, दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त आणि अंक ए५ मध्ये. तिसरा बाइट अक्षरागणिक बदलतो.

आता हेच तीन बाइट कोणी लॅटिन-१ या युरोपीय पद्धतीनं वाचले, तर तिथे एका बाइटाचं एक चिन्ह असतं. ई० म्हणजे तिरक्या रेघेचा ए, ए४ म्हणजे चलनाचं वर्तुळ, ए५ म्हणजे येन. 'मराठी' हा शब्द घ्या. 'म'चा तिसरा बाइट नोंदणीकृत मालाची गोलातली खूण होतो, 'र'चा अंशाचं चिन्ह, कान्याचा पाऊणचा अपूर्णांक, दीर्घ वेलांटीचा, मायएसक्यूएलच्या लॅटिन-१मध्ये, युरो. मॅडमना दिसलेले येन आणि युरो हे असे. 'ठ'चा तिसरा बाइट ए०, आणि ए० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. त्यामुळे 'ठ'च्या शेवटी काहीच दिसत नाही. हा न दिसणारा 'ठ' लक्षात ठेवा, तो पुढे त्रास देणार आहे.

मग तेरा वर्षं सगळं नीट का दिसत होतं? मायएसक्यूएल मूळचं स्वीडनचं, आणि आवृत्ती ५.७ पर्यंत त्याची न सांगता गृहीत धरलेली पद्धत लॅटिन-१ होती. क्रम लावण्याची रीतसुद्धा स्वीडिश. वेबसाइट लिहिणाऱ्यानं पानावर यूटीएफ-८ जाहीर केलं होतं, पण डेटाबेसशी बोलताना कोणती पद्धत वापरायची ते सांगायचं राहिलं. त्यामुळे प्रोग्रॅम यूटीएफ-८चे बाइट देई आणि सर्व्हर समजे, की हे लॅटिन-१ आहे. तक्ताही लॅटिन-१चा. सर्व्हरमध्ये एका पद्धतीचा मजकूर दुसऱ्या पद्धतीत करून देणारा एक दुभाष्या असतो; दोन्हीकडे एकच भाषा म्हटल्यावर त्याला काम नाही. बाइट आले तसे आत गेले, गेले तसे बाहेर आले. एक चूक आत जाताना, तीच चूक बाहेर येताना, आणि पडद्यावर शुद्ध मराठी.

आवृत्ती ८ मध्ये न सांगता गृहीत धरलेली पद्धत यूटीएफ-८ झाली (मायएसक्यूएलच्या भाषेत यूटीएफ८एमबी४). तक्ते जुनेच, लॅटिन-१चे, पण जोडणी, म्हणजे प्रोग्रॅमचं डेटाबेसशी बोलणं, आता यूटीएफ-८ची. दुभाष्या जागा झाला. त्यानं इमानदारीत प्रत्येक बाइटाला लॅटिन चिन्ह समजून त्याचं यूटीएफ-८मध्ये भाषांतर करून पाठवायला सुरुवात केली. म्हणजे एक चूक दुरुस्त झाली आणि दुसरी उघडी पडली.

शनिवार आणि रविवार

इथपर्यंतचं निदान सोमवारी सकाळी अर्ध्या तासात झालं, आणि मी जरा खूश होतो. जोडणीच्या जागी एक ओळ घालायची, लॅटिन-१ म्हणून सांगायचं, पान पूर्ववत. ओळ घातली. सभासदांची यादी झळझळीत मराठीत आली. पुस्तकंही बरीचशी आली, पण काही शीर्षकं तुटकी राहिली, काहींची नुसती प्रश्नचिन्हं, आणि सूचनाफलकावर काही नीट दिसणाऱ्या सूचना तर उलट प्रश्नचिन्हांत गेल्या.

जो प्रश्न पहिल्या मिनिटाला विचारायला हवा होता तो मी दुपारी विचारला: शुक्रवारनंतर कोणी कोणी काय काय केलं?

उत्तर तीन जणांकडून तुकड्यातुकड्यांत मिळालं. शनिवारी सकाळी सहायक ग्रंथपालांनी नव्या आलेल्या ३१ पुस्तकांच्या नोंदी केल्या. पडद्यावर प्रश्नचिन्हं दिसत होती, पण त्यांना वाटलं, दिसण्याचा घोळ आहे, आत नीट जात असेल. गेलं नाही. यूटीएफ-८ जोडणीवरून आलेलं 'क' लॅटिन-१च्या तक्त्यात मावत नाही, म्हणून सर्व्हरनं प्रत्येक चिन्हाच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह लिहिलं. एरवी आवृत्ती ८ अशा वेळी नोंद नाकारते आणि चूक दाखवते. पण जुन्या प्रोग्रॅममध्ये रिकाम्या तारखा शून्य-शून्य लिहिलेल्या होत्या, त्या अडायला लागल्या म्हणून होस्टिंगवाल्यांनी शुक्रवारी रात्रीच सर्व्हरचा कडक मोड बंद केला होता. ओरडणारं कुत्रं बांधून ठेवलेलं.

शनिवारी दुपारी वाचनालयात अभ्यासिकेला येणाऱ्या एका कॉलेजच्या मुलाला बोलावलं. पोरगा हुशार आणि मनापासून मदत करणारा. त्यानं आधी पानावरची पद्धत तपासली, ती बरोबर होती. ब्राउझर बदलून पाहिला, फॉन्ट बदलून पाहिला. रात्री कुठेतरी वाचलं, की तक्ते यूटीएफ-८मध्ये रूपांतरित करायचे, आणि 'कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट' ही आज्ञा पुस्तकं आणि सूचना या दोन तक्त्यांवर चालवली. पान ताजं करून पाहिलं. काही फरक नाही. "काही झालं नाही म्हणून मग सोडून दिलं, सर," तो म्हणाला.

झालं होतं. या प्रकरणातली सगळ्यात फसवी जागा हीच. रूपांतराची आज्ञाही दुभाष्याच चालवतो. त्यानं तक्त्यातल्या बाइटांना लॅटिन समजून त्यांचं कायमचं यूटीएफ-८ करून ठेवलं. आधी तक्त्यात 'म' तीन बाइटांचा होता आणि बाहेर येताना बिघडत होता. आता तक्त्यातच 'म' सहा बाइटांचा झाला, आणि बाहेर येताना न बदलता येत होता. पडद्यावर आधीही तेच, नंतरही तेच. आत मात्र एकपदरी गाठ दुपदरी झालेली.

रविवारी ग्रंथपाल मॅडमनी व्याख्यानमालेच्या चार सूचना पुसून पुन्हा टाइप केल्या. तक्ता आता यूटीएफ-८चा असल्यानं त्या नीट उमटल्या, आणि सगळ्यांना वाटलं, आपोआप सुधारतंय. म्हणून मग काही पुस्तकांच्या नोंदीही उघडून, प्रतींची संख्या वगैरे बदलून, पुन्हा जतन केल्या गेल्या.

म्हणजे सोमवारी दुपारी एकाच वेबसाइटवर चार तऱ्हेचा मजकूर होता: सभासदांचा मुळचा, पुस्तकांचा दुपदरी बिघडलेला, सूचनांमधला थोडा शुद्ध, आणि ३१ नोंदींची नुसती प्रश्नचिन्हं. एकच औषध चौघांना दिलं असतं तर किमान दोघांचा जीव गेला असता.

हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. बाइट पाहावे लागतात. मायएसक्यूएलमध्ये 'हेक्स' नावाची क्रिया आहे, ती साठवलेले बाइट जसेच्या तसे दाखवते. मराठी नोंद ई०-ए४ किंवा ई०-ए५ नं सुरू झाली तर बाइट मुळचेच आहेत. सी३-ए०-सी२-ए४ असं काही दिसलं तर दुपदरी. ३एफ-३एफ-३एफ दिसलं तर प्रश्नचिन्हं, तिथे दहा मिनिटं शोक करून पुढे जावं.

कोणते पर्याय होते

कार्यवाहांना एकच गोष्ट हवी होती. बुधवारी, १ मेला, व्याख्यानमाला सुरू होत होती आणि कार्यक्रमपत्रिकेवर वेबसाइटचा पत्ता छापून झाला होता. "बाकी काय ते सावकाश करा, बुधवारी लाज जाऊ देऊ नका," एवढंच त्यांचं म्हणणं.

पहिला पर्याय सोपा होता. होस्टिंगवाल्यांकडे शुक्रवारचा बॅकअप होता. तो परत आणायचा, जोडणीला लॅटिन-१ सांगायचं, संपलं. दोन तासांचं काम. पण त्यात जुनी चूक जपून ठेवणं होतं. पुढचं स्थलांतर, पुढचा प्रोग्रॅमर, पुढचा बॅकअप, कुठेतरी दुभाष्या पुन्हा जागा होणारच. शिवाय लॅटिन-१च्या तक्त्यात शंभर जागांचा रकाना म्हणजे शंभर बाइट, म्हणजे मराठीची तेहतीसेक चिन्हं. या मुद्द्याचं महत्त्व तेव्हा मला पुरतं कळलेलं नव्हतं.

दुसरा पर्याय, आहे त्या तक्त्यांतली गाठ उलट सोडवायची. दुपदरी मजकूर लॅटिन-१मध्ये परत नेला, त्याला कच्चे बाइट मानलं आणि मग यूटीएफ-८ म्हणून वाचला, तर मूळ मराठी परत येते. अडचण अशी, की हीच क्रिया मॅडमनी शुद्ध टाइप केलेल्या ओळींवर चालली तर त्यांची प्रश्नचिन्हं होतात.

तिसरा पर्याय सहायकांनी सुचवला: दाखल नोंदवहीवरून सगळं पुन्हा टाइप करू. अठरा हजार नोंदी. त्या हे गंभीरपणे म्हणत होत्या, आणि त्यांच्या तयारीला दाद द्यायला हवी.

ठरलं ते पहिल्या दोहोंचं मिश्रण. पाया शुक्रवारच्या बॅकअपचा घ्यायचा, पण तो जुन्या चुकीसकट नव्हे, तर नीट यूटीएफ-८मध्ये आणून. शनिवार-रविवारच्या बदललेल्या ओळी तेवढ्या आजच्या तक्त्यांतून वेचून, दुरुस्त करून त्यात घालायच्या. प्रश्नचिन्हांच्या ३१ नोंदी नोंदवहीवरून पुन्हा. आणि तोवर लाज राखायला व्याख्यानमालेचं वेळापत्रक एका साध्या, डेटाबेस नसलेल्या पानावर. ते पान सोमवारी संध्याकाळी पाचला चढलं. कार्यवाहांचा त्यानंतर फोन आला नाही, आणि मला उरलेलं काम घाईविना करता आलं. आज मागे पाहता ते वीस मिनिटांचं पान हा सगळ्यात फायद्याचा निर्णय होता असं वाटतं.

काय केलं

सर्वांत आधी नोंदींचा फॉर्म बंद केला आणि आहे त्या बिघडलेल्या अवस्थेचाही बॅकअप घेतला. बिघडलेल्याचा बॅकअप कशाला, असं त्या मुलानं विचारलं. शनिवार-रविवारचा खरा इतिहास फक्त तिथेच होता म्हणून.

शुक्रवारचा बॅकअप वेगळ्या डेटाबेसमध्ये उतरवला. तिथे लॅटिन-१चा प्रत्येक रकाना आधी कच्च्या बाइटांचा केला, म्हणजे व्हारबायनरी आणि ब्लॉब, आणि मग तोच यूटीएफ-८चा. मधला मुक्काम महत्त्वाचा. कच्च्या बाइटांना भाषा नसते, त्यामुळे दुभाष्या मध्ये पडत नाही. फक्त डब्यावरची चिठ्ठी बदलते. थेट रूपांतर आणि ब्लॉबमार्गे रूपांतर यांत आज्ञेच्या दोन ओळींचाच फरक आहे, पण पहिलं बाइट बदलतं आणि दुसरं नाव. पुस्तकांचा तक्ता या टप्प्यावर एकदा अडला, त्याबद्दल शेवटी.

वेचलेल्या ओळींच्या बाबतीत माझी स्वतःची फजिती झाली. सुदैवानं प्रतीवर. डेटाबेसमध्ये न करता मी हे काम पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत करायला गेलो, आणि लॅटिन-१ म्हणून विंडोज-१२५२ ही पद्धत वापरली, कारण मायएसक्यूएल ज्याला लॅटिन-१ म्हणतं ते बहुतांशी तेच आहे. 'बहुतांशी' या शब्दानं घात केला. विंडोज-१२५२मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. मायएसक्यूएल त्या पाचही बाइटांना निमूट आहे तसं जाऊ देतं; पायथन अडतो. अडला म्हणून मी त्याला चुका सोडून पुढे जायला सांगितलं. त्यानं सोडल्या.

निकाल पाहिला तर 'ग्रंथालय'चं 'गरंथालय' झालेलं. 'झुंज' शब्दातून 'झ' आणि उकार दोन्ही गेलेले, उरला नुसता अनुस्वार आणि 'ज'. 'एक'चा 'क'. कारण त्या पाच रिकाम्या जागांवर मराठीची फार कामाची मंडळी बसतात: चंद्रबिंदू आणि ऱ्हस्व उकार ८१ वर, हलन्त ८डी वर, 'ए' ८एफ वर, 'ऐ' ९० वर, 'झ' ९डी वर. हलन्त गेला की जोडाक्षरं गेली. फ्रेंच किंवा स्पॅनिश मजकुरात ही वाट बहुतेक वेळा निभावते, म्हणून इंग्रजीत मिळणारे उपाय ती बिनदिक्कत सुचवतात. मराठीत ती तिसऱ्या शब्दाला आपटते. मग मुकाट्यानं तेच काम मायएसक्यूएलच्या आतच केलं, तिथे एकही हलन्त सांडला नाही.

आता तो 'ठ'. रविवारी ज्या नोंदी उघडून पुन्हा जतन केल्या होत्या, त्यांत 'पाठ', 'ठाणे', 'मराठी' असे शब्द गाठ सोडवल्यावरही तुटकेच राहिले. जुन्या प्रोग्रॅमच्या जतन करण्याच्या भागात एक ओळ होती: न तुटणारी मोकळी जागा दिसली तर साधी करा. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरासाठी कोणीतरी चांगल्या हेतूनं घातलेली. एरवी ती निरुपद्रवी. पण बिघडलेल्या रूपात 'ठ'चा तिसरा तुकडा म्हणजे नेमकी तीच जागा. फॉर्म उघडून फक्त प्रतींची संख्या बदलली, तरी शीर्षकातला प्रत्येक 'ठ' मारला जात होता. सुदैवानं खूण स्पष्ट होती. ई०-ए४ च्या मागोमाग साधी मोकळी जागा शुद्ध मराठीत कधीच येत नाही, म्हणून अशा प्रत्येक ठिकाणी ए० परत बसवता आला. 'भ'ची धास्ती होती, कारण त्याचा तिसरा तुकडा म्हणजे न दिसणारी मऊ संयोगरेषा, आणि तीही अशा सफाईत उडू शकते. पण या प्रोग्रॅमनं तिला हात लावला नव्हता.

तपासताना आणखी एक पान सापडलं, 'संस्थेचा इतिहास'. त्यावर रोमन अक्षरांचा काला होता, पण ए-वर्तुळाचा ठेका नव्हता. ते आधीपासूनच तसं होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर, डीव्हीबी-टीटी योगेश या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर २०११ साली कोणीतरी तसाच चिकटवला होता. ज्याच्या संगणकावर तो फॉन्ट होता त्याला दिसत होता, बाकीच्यांना नाही, आणि हळूहळू तसे संगणक संपले. फॉन्ट परिवर्तकातून काढून, मॅडमनी रफार आणि अर्धा 'र' डोळ्यांखालून घालून तो सरळ केला. या पानाची तक्रार किती वर्षं कोणी केली नव्हती, हे इतिहासाच्या पानाबद्दल बरंच सांगून जातं.

शेवटी जोडणीच्या ठिकाणी यूटीएफ८एमबी४ अशी स्पष्ट ओळ घातली, शून्याच्या तारखा काढून रकाने रिकामे केले, आणि कडक मोड पुन्हा सुरू करून घेतला.

निष्पत्ती

मंगळवारी रात्री वेबसाइट पूर्ववत झाली. सभासदांच्या नोंदींना कुठेही धक्का लागला नाही. ३१ पुस्तकं बुधवारी सकाळी नोंदवहीवरून पुन्हा चढली. सहायक वाचून दाखवत होत्या आणि तो कॉलेजचा मुलगा टाइप करत होता. हिशेब जुळवायला एक मजेशीर साधन मिळालं: प्रत्येक चिन्हाला एक प्रश्नचिन्ह, आणि मोकळ्या जागा शाबूत, त्यामुळे प्रश्नचिन्हांच्या गटांवरून कोणती ओळ कोणत्या पुस्तकाची ते ताडता येत होतं.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त जागा स्थलांतराच्या आधीची होती. जुन्या सर्व्हरवर एका मराठी शब्दाचे बाइट आणि जोडणीची पद्धत, एवढी दोन वाक्यं विचारली असती तर शुक्रवारची रात्र शांत गेली असती. पण हे ज्याला माहीत असतं तो त्या वेळी तिथे नसतो, म्हणून या सल्ल्याला मी फार किंमत देत नाही.

जास्त खरी जागा शनिवार सकाळची. बिघाड दिसल्यावर नोंदी थांबवायला हव्या होत्या. थांबवल्या असत्या तर प्रश्नचिन्हं, दुपदरी गाठ, मेलेले 'ठ', काहीच घडलं नसतं, आणि सोमवारी माझी ती एक ओळ पुरली असती. मुलानं चालवलेल्या आज्ञेबद्दल त्याला दोष द्यायला मी तयार नाही. ती मायएसक्यूएलची अधिकृत आज्ञा आहे, आणि तक्त्यात खरोखर लॅटिन-१ असता तर तीच बरोबर होती. त्याचं चुकलं ते एवढंच, की पडद्यावर फरक दिसला नाही म्हणून काही झालंच नाही असं मानलं, आणि आधी बॅकअप घेतला नाही. माझं चुकलं ते जास्त. मी अर्धा दिवस यंत्राला प्रश्न विचारत बसलो, माणसांना विचारले ते नंतर. आणि चुका सोडून पुढे जा, असं कोणत्याही प्रोग्रॅमला मी मराठी मजकुराच्या बाबतीत आता सांगत नाही.

कापलेली शीर्षकं

पुस्तकांचा तक्ता ब्लॉबमार्गे जाताना अडला होता, ते राहिलं. कारण होतं चारशेच्या वर शीर्षकांच्या शेवटी लोंबकळणारा अर्धा बाइटगट: कुठे नुसता ई०, कुठे ई०-ए४. शंभर बाइटांच्या रकान्यात मोठं मराठी शीर्षक मावलं नव्हतं, आणि जुन्या सर्व्हरनं तेहतीसेक चिन्हांपाशी ते हूं की चूं न करता छाटून टाकलं होतं. समग्र वाङ्मयाच्या मालिकांत तर खंडाचा क्रमांकच शेवटी असतो, त्यामुळे आठही खंड एकसारखे दिसत होते. पानावर त्या शीर्षकांच्या शेवटी कधीकधी तो काळा हिरा दिसायचा; सगळ्यांना वाटायचं, काहीतरी डाग आहे.

रकाना मोठा केला, लोंबकळणारे तुकडे छाटले आणि अपुऱ्या शीर्षकांची यादी छापून मॅडमच्या हातात दिली. यादी वाचता वाचता त्या गप्प झाल्या. २०१६ च्या सुमारास मानधनावर नोंदी करणारी एक मुलगी होती. शीर्षकं अर्धवट टाकते, लक्ष नाही, म्हणून तिला दोनदा बोलणी बसली होती आणि पुढे तिनं काम सोडलं. मॅडमनी माझ्यासमोरच तिला फोन लावला. आता ती दुसऱ्या गावात शिक्षिका आहे.

"मॅडम, मी पूर्णच टाइप करत होते," ती म्हणाली. "तुम्हाला तेव्हाही सांगितलं होतं, जतन केलं की तोच खातो."